कुशाबाचा डॅश

फणसवाडीतल्या चिंतामणशेटच्या छापखान्यात कुशाबा खिळे जुळवायचा. शिशाची अक्षरं उलटी. जन्मभर उलटं वाचून त्याला रस्त्यावरच्या सुलट पाट्यांचाच संशय यायचा. खिळ्यांच्या खात्यातल्या डॅशवर मात्र त्याचा जीव. "ह्यो एकच गडी सरळ," तो म्हणायचा, "खयसूनय वाचा, उलटो काय नि सुलटो काय, तोच."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि छापखान्यात पत्रकांची रीघ लागली. चिंतामणशेटला महाराष्ट्र हवा होता, फक्त तुरुंग नको होता. त्यानं तोडगा काढला. जो शब्द छापायचा धीर होणार नाही, तिथं डॅश घालायचा. शेट मुळात भित्रा, त्यामुळे पत्रकात 'मुंबईसह' एवढंच उरलं आणि पुढे डॅशच डॅश. तळाशी मुद्रकाच्या नावाच्या जागीही डॅश.

परळच्या गिरणीच्या दारात कुणी ते पत्रक वाचायला लागला की डॅशपाशी थांबायचा, आणि पाळी सुटलेले कामगार गाळलेलं भरून काढायचे. कौलं हादरायची. हळूहळू लालबागला सवयच जडली. बोलता बोलता कुणी थबकला की शेजारचा ओरडलाच, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" कुशाबाच्या शेजारच्या दमेकरी सीतारामआजोबांना तर साधा चहा मागणं अवघड होऊन बसलं.

पण मुद्रकाचं नाव न छापणं हा गुन्हा. खिळे जुळवणारा सापडला की छापखाना सापडेल, असा हिशेब करून इन्स्पेक्टर हवालदारासह कुशाबाच्या लालबागच्या चाळीत आला. खोली कळली होती, नाव नव्हतं. वॉरंटात नावाच्या जागी त्यानं तात्पुरता डॅश मारून ठेवला होता. नाव विचारताच सगळी चाळ एकाएकी मुकी झाली. कुशाबा माळ्यावर पिंपामागे, घामानं निथळत. आपण तुरुंगात गेलो तर बायको मालन एकटी कशी राहील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा," इन्स्पेक्टर दरडावला.

मालननं पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचं नाव असं तोंडानं घेतात होय?

हवालदार रत्नागिरीकडचा, जाणता. त्यानं साहेबांच्या कानात सांगितलं, "सरळ नाय घेणार. उखाण्यात घेईल."

झालं! सरकारी हुकमानं उखाणा ठरला. बायका गोळा झाल्या. शेजारच्या शांतानं रीत म्हणून इन्स्पेक्टरच्या हातावर साखर ठेवली. साहेब पेन्सिल सरसावून बसले. माळ्यावर कुशाबानं डोळे मिटले. मालन उभी राहिली.

"काळ्या काळ्या शाईत शिशाची खाण,
कपाळीच्या कुंकवाला लाखाचा मान,
नाव घेते, ऐका सारे देऊन कान..."

आणि रीतीप्रमाणे लाजून ती क्षणभर थांबली.

"संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" तिन्ही मजले गरजले. सीतारामआजोबासुद्धा. सवयीनं हवालदारही.

साहेबांनी पुन्हा उखाणा घ्यायला लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर समोरच्या चाळीनंही सूर मिळवला. शेवटी इन्स्पेक्टरनं वॉरंट घडी करून खिशात घातलं. डॅशला बेड्या कशा घालणार? जाताना त्यानं साखर मात्र खाल्ली.

कुशाबा खाली उतरला. "नाव घेतलं असतंस तर माका घेऊन गेले असते गो."

"लगीन झाल्यापासून तुमी कधी नाव मागलास नाय," मालन भांडी आवरत म्हणाली, "मग त्या मेल्याक कित्याक देऊ?"

नाव घे म्हणावं असं कुशाबाला फार वाटलं, पण म्हणताना तो थबकला असता, आणि भिंतीपलीकडे सीतारामआजोबा टपलेलेच होते.

महाराष्ट्र झाला. त्या दिवशी कुशाबानं पहिल्यांदा पत्रकात सगळे शब्द उघडे जुळवले आणि डॅश त्यांच्या खात्यात परत टाकले. घरी आला, दार लावून घेतलं, आणि म्हणाला, "आता घे."

मालननं इकडेतिकडे पाहिलं. मग त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "कुशाबा."

त्याला नीट ऐकू आलं होतं. तरी त्यानं परत घ्यायला लावलं.