उन्हाळ्यात वर आलेलं पाणी

पोखर्णीच्या रस्त्याला आमचं वावर आहे. वडिलांनी हयातीतच त्याचे दोन भाग केले. दाजी गेल्यावर आक्का लेकीला घेऊन माहेरी आली होती, म्हणून वरचा, कॅनॉलकडचा भाग त्यांनी तिला दिला. उताराचा, नाल्याकडचा माझ्याकडे आला. भावकीने नाक मुरडलं, पण मला त्यात वावगं वाटलं नाही. आक्का माझ्यापेक्षा जास्त राबायची. तिने ऊस लावला आणि तो असा माजला की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे.

कॅनॉलला पाणी आलं की ती ते सरीत मोकाट सोडायची. पुढची पाळी मिळेल याचा भरवसा नसायचा, म्हणून आलेलं पाणी जमिनीला पाजून ठेवायची. वरून युरिया. उसाचा रंग जरा उतरला की पोतं फुटलंच.

मला पहिल्यांदा खटकलं ते हरभऱ्याच्या वेळी. माझ्या वावराच्या खोलगट कोपऱ्यात बी उगवलंच नाही. पुन्हा टोकलं. उकरून पाहिलं तर दाणे कुजून मऊ झालेले. ऊन वाढलं तशी त्या जागी पांढरी बुरशी धरल्यासारखी माती दिसायला लागली. बोटावर घेऊन चाखली, खारट लागली. पुढे ते पांढरं कोपरा सोडून मधल्या तासांकडे सरकलं. बांधावरची बोर शेंड्याकडून वाळत खाली आली. नांगर घातला तर दगडासारखी ढेकळं निघाली, त्यांत गांडूळ औषधालाही नव्हतं.

परभणीला माती तपासायला नेली. तिथल्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारलं, "वरच्या अंगाला पाणी किती देतात?" "मोकाट," मी म्हणालो. "खड्डा खणून बघा," त्या म्हणाल्या, "पाऊस पडायच्या आत. खालचं पाणी वर चढलं की मीठ सोबत आणतं."

वैशाखात मी आणि बायकोने कमरेएवढा खड्डा खणला. गावातला हातपंप तेव्हा नुसती हवा ओढत होता. भाकरी खाऊन परत आलो तर खड्ड्याच्या तळाला पाणी साचलेलं. आभाळात ढग नव्हता. कॅनॉलकडच्या भिंतीतून ते हळूहळू पाझरत होतं. बायको काठापासून मागे सरली.

मी आक्काला बोलावलं.

"नाल्याचं असंल," ती म्हणाली.

"नाला कोरडा हाय, आक्का. तुझ्याकडच्या अंगानं यायलंय."

"म्हंजी मी तुझं रान बुडवायलेय?"

"तसं म्हणत न्हाई मी."

"मग काय म्हणायलास?"

मी खड्ड्यातल्या पाण्याकडे बोट दाखवलं. ती निघून गेली. त्यानंतर आमच्या दारावरून जाताना ती मान वळवायची नाही.

एका सकाळी मात्र ती स्वतः आली. पायांना चिखल होता. "मीबी खणून बघितलं," ती उंबऱ्यात बसत म्हणाली. "माझ्याबी वावरात पाणी वर आलंय. खालच्या सऱ्यांतल्या उसाच्या कडा कवाच्या जळायल्यात. मला वाटलं, खत कमी पडायलंय. म्हणून आणखी टाकलं."

बायकोने चहा ठेवला. कुणी कुणाला दोष दिला नाही.

आम्ही दोघांच्या बांधालगत खोल चर खणून तो नाल्यात सोडला. आक्काने निम्मा ऊस मोडला, उरलेल्याला ठिबक केलं, युरिया थोडाथोडा द्यायला लागली. मी खारी माती सुधारावी म्हणून हिरवळीचा धैंचा पेरून फुलात येण्याआधी जमिनीत गाडला. चर खुला केला त्या दिवशी पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता. शेजारची म्हैस प्यायला गेली, वास घेऊन माघारी फिरली. पाऊस येईपर्यंत ते पाणी वाहायचं थांबलं नाही.

पुढच्या रब्बीत कोपऱ्याच्या कडेने ज्वारी उगवली, गुडघ्याएवढीच. मधली जागा अजून उघडी आहे. ठिबक लावूनही आक्काच्या खड्ड्यातलं पाणी फारसं उतरलेलं नाही. ती रोज जाऊन त्यात काठी बुडवून बघते.

परवा नाल्याच्या खालच्या अंगाचा शेतकरी आला. म्हणाला, "माझ्या काठच्या पट्ट्यात पांढरं फुटायलंय. तुमच्याकडं असंच झालं होतं का?"

आक्का म्हणाली, "आमचा चर तुझ्याकडंच सुटतो."

त्याने चपला काढल्या आणि चराचं तोंड बघायला तो आमच्यासोबत नाल्यात उतरला.