कुत्र्याच्या गळ्यातली माळ

साकोलीला जनावरांच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बाकावर बसला होता. त्याच्या अंगाला तलावाच्या गाळाचा वास येत होता आणि जाळं ओढून ओढून बोटांना चिरा पडल्या होत्या. मांडीवर त्याचा तांबडा कुत्रा निपचित पडला होता. कुत्र्याच्या गळ्यात काविळीची माळ होती, खेड्यात माणसांना घालतात तीच. मला आधी हसूच आलं.

"काही खाऊन नाही राहिला," तो म्हणाला. "मुका जीव हाय. त्याले सांगता येत नाही, म्हणून आनलं."

कुत्र्याची तपकिरी लघवी तो आपल्या दुपट्ट्याने पुसत होता, तेही उघड्या हातांनी. मी माझी मांजर छातीशी धरून बाकाच्या टोकाला सरकलो.

डॉक्टरांनी कुत्र्याची पापणी उचलली. आतला डोळा हळदीसारखा पिवळा होता.

"हा रोग उंदरांमुळे पसरतो. कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. तुम्हाला ताप वगैरे आला का?"

"नाही जी," तो म्हणाला.

नंतर कुत्र्याला पायाशी ठेवून बाहेरच्या नळावर तो किती तरी वेळ हात धूत राहिला. उन्हात त्याने मान वर केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतही मला तीच हळद दिसली.

"तुम्ही आजच मोठ्या दवाखान्यात जा," मी म्हणालो.

कुत्र्याच्या गळ्यातली माळ त्याने हलकेच काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली, सदऱ्याच्या आत, कोणाला दिसू नये अशी.