अकरा जणांची यादी

शाळेत मावशींची कामं तीन: घंटा, झाडू आणि निरोप. एकवीस वर्षांत त्यांनी घंटा मिनिटभरही चुकू दिली नव्हती. कुणाला ताप आला की बोट धरून घरी पोचवायच्याही त्याच. त्यामुळे कुणाचं दार कुठल्या गल्लीत, हे हेडसरांपेक्षा त्यांना पाठ.

म्हणून तर हेडसरांनी यादी त्यांच्याच हातात दिली. दुसऱ्या दिवशी सरकारी चाचणी होती. सगळ्या शाळांना एकच पेपर, मग शाळांचे क्रमांक. यादीत चौथीतली अकरा नावं, वर लिहिलेलं: उद्या सुट्टी.

"मावशी, यांच्या घरी सांगून या, उद्या सुट्टी आहे."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीच्यांना परीक्षा." हेडसर कपाटाकडे बघत म्हणाले. "ही कच्ची पोरं शाळेची सरासरी खाली ओढतात. आजारी म्हणून लावलंय. एका दिवसाचा तर प्रश्न!"

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका दिवसाने काय होतं, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्या स्वतः चौथीत असताना साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनाही अशीच सुट्टी मिळाली होती. दिवसभर वेडी पोर आनंदाने दोरीवरच्या उड्या मारत होती. सुट्टी आपल्या एकटीलाच का, ते संध्याकाळी मैत्रिणीने सांगितलं. त्यानंतर तिने वर्गात कधी हात वर केला नाही, आणि वर्षभरात शाळाच सुटली. साहेबांनी काय विचारलं असतं, आपल्याला सांगता आलं असतं का, हे अजून त्यांच्या मनात सलतं.

मावशी अकराही घरी गेल्या. प्रत्येक दारात एकच निरोप: "उद्या परीक्षा आहे. दोन पेन्सिली घेऊन वेळेवर यायचं."

यादीतली रंगाऱ्याची मुलगी रडवेली झाली. कुठले दोन डबे मिसळले की दाराचा जुना रंग जमतो, हे ती बापाला सांगायची. पण असलं कुठल्या पेपरात विचारतात?

"मावशी, मला गणितं नाही गं जमत."

"नाही जमली तर नाही जमली. बाकावर तर बस."

सकाळी अकराही जण रांगेत हजर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हजेरीचा कागद बघितला. "यात तर अकरा आजारी आहेत."

हेडसरांचा चेहरा पडला. "मावशी, सांगा ना, आजारी होती ना ही मुलं?"

"छे! ठणठणीत आहेत." मावशींनी घडी घातलेली यादी काढली. "आणि सर, ही तुमच्याच अक्षरात आहे. वाचून दाखवू? चौथीपर्यंत शिकलेय मी."

परीक्षकांनी मुलांना आत बसवलं.

शाळा तिसऱ्या क्रमांकावरून एकोणिसाव्यावर आली. हेडसरांनी मावशींची घंटा काढून घेतली आणि त्यांना मागच्या मुताऱ्या धुवायचं काम लावलं. घंटा आता कधी आधी वाजते, कधी नंतर. मावशींना त्याचं फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला?

पेपर परत मिळाले त्या दिवशी रंगाऱ्याची मुलगी मागे मुताऱ्यांपाशी आली. "चाळीसात सहा."

मावशींनी हात पुसून पेपर घेतला. पहिला प्रश्न ओठ हलवत वाचला, बोटांवर हिशोब केला. उत्तर बरोबर आलं. पेपर थोडा वेळ त्यांच्या हातातच राहिला.

"पुढच्या वर्षीही बसायचं," त्या म्हणाल्या. "सुट्टी आहे असं कुणी सांगितलं तरी यायचं."

"हेडसरांनी सांगितलं तर?"

"मग तर मी तुला न्यायला येईन."