दोन पट्ट्या खाली

घरात तिला सगळे कानसेन म्हणत. हे नाव थोरल्या भावाने टोमणा म्हणून ठेवलं होतं, पण तिने ते पदवी मिळाल्यासारखं मिरवलं, त्यामुळे टोमण्यातली सगळी हवाच गेली. फ्रीज गुणगुणायला लागला की ती सांगायची, हा काळी तीनवर आहे. लिफ्टची घंटी वाजली की तिचा सूर सांगायची. शेजारच्या काकूंना तर तिने एकदा जिन्यात थांबवून सांगितलं होतं, की तुम्ही मुलाला हाक मारता ती नेहमी पांढरी दोनवर सुरू होते. काकूंनी त्यानंतर आठवडाभर हाक मारली नाही, थेट जाऊन मुलाचा कान धरला.

तिला वेडं तीन होती, सिनेमा, नाटक आणि पियानो, आणि तिन्ही एकाच वाटेने आली. बारा वर्षांची असताना ती तापाने घरी पडली होती, तेव्हा टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला. त्यात दीपगृहाचा तरुण रखवालदार निरोपाचं गाणं म्हणतो आणि त्याच्यामागे फक्त एक पियानो वाजत राहतो. ताप दोन दिवसांत उतरला, गाणं काही उतरलं नाही. पुढे कळलं, की तो सिनेमा मुळात एका संगीत नाटकावरून काढलेला आहे, आणि ते नाटक गावातल्या थिएटरात अजूनही दर हिवाळ्यात लागतं. मग काय, खाऊचे पैसे, वाढदिवसाचे पैसे, पुढे पगाराचे पैसे, सगळ्यांची वाट ठरली. ती कडेची सगळ्यात स्वस्त खुर्ची घ्यायची. तिथून अर्धा रंगमंच खांबामागे जायचा, पण खाली बसलेल्या पियानोवाल्याचे हात स्वच्छ दिसायचे. नायकाचं तोंड तिने पहिल्या पाच प्रयोगांत पाहिलंच नाही. तरी दर वेळी निरोपाच्या गाण्याला तिला रडू यायचं, आणि रडू येतंय याचा मनापासून आनंद व्हायचा.

पियानो घरात येणं शक्य नव्हतं. तो आला असता तर आईला बाहेर झोपावं लागलं असतं. मामाने एक जुना इलेक्ट्रिक कीबोर्ड आणून दिला. मामा रेडिओ, मिक्सर, पंखे असं सगळं दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला गुण होता, फक्त तो कोणत्या बाजूचा हे वस्तू घरी आल्यावर कळायचं. या कीबोर्डाचा आकडे दाखवणारा पडदा फुटला होता आणि मागचं एक सरकतं बटण सारखं खडखडायचं. मामाने पडदा काढून तिथे पुठ्ठा बसवला, बटण गोंदाने कायमचं चिकटवलं आणि वर म्हणाला, "आता दहा वर्षं बघायला नको." मामाचं हे एक बोलणं मात्र अक्षरशः खरं ठरलं. दहा वर्षं कोणी बघितलं नाही.

ती ऐकून ऐकून शिकली. सिनेमा लावायचा, थांबवायचा, सूर शोधायचा, पुन्हा लावायचा. चार वर्षांत निरोपाचं गाणं दोन्ही हातांनी यायला लागलं, अगदी सिनेमातल्यासारखं. मग पैसे साठवून तिने नाटकाच्या गाण्यांचं छापील पुस्तक आणलं, त्यात बघून वाजवलं आणि तिच्या कपाळावर आठ्या आल्या. पुस्तकाप्रमाणे वाजवलं, की गाणं सिनेमापेक्षा दोन पट्ट्या वर जात होतं. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून मोजल्या तरी बरोब्बर दोन. दुसरं गाणं लावून पाहिलं, तेही दोन. तिसरंही.

कोणी दुसरं असतं तर स्वतःवर शंका घेतली असती. कानसेनने छापखान्यावर घेतली. तिने लाल पेन्सिल घेऊन अख्खं पुस्तक दुरुस्त केलं, एकशे ऐंशी पानं, एकेक सूर दोन पट्ट्या खाली उतरवत. या कामाला दोन वर्षं लागली. मधल्या काळात तिने प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली, तिसरं जरा कडक. उत्तर आलं नाही, तेव्हा लाजले असतील अशी तिने स्वतःची समजूत घातली. खरा पियानो वाजवून खात्री करायची, तर तो गावात दोनच ठिकाणी होता. हॉटेलातला कायम कुलपात असायचा आणि थिएटरातल्याच्या जवळ जायला पोरीबाळींना मज्जाव होता.

पोटापाण्यासाठी ती दातांच्या दवाखान्यात बसायची. नावं लिहून घ्यायची, फोन उचलायचा, घाबरलेल्याला पाणी द्यायचं. दात कोरायचं यंत्र कोणत्या पट्टीत रडतं हे तिने डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे पेशंटला नको सांगूस."

तिथेच तिची संधी चालून आली. थिएटरचे मॅनेजर दाढ दाखवायला आले, त्यांना तीन फेऱ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला तोंडात कापूस असताना त्यांनी कसंबसं सांगितलं, की तालमीला पियानो वाजवणारे गृहस्थ मुलीकडे परदेशी निघून गेले आहेत आणि जागा रिकामी आहे. तिने तिथल्या तिथे अर्ज केला. ते नको म्हणू शकले नाहीत, कारण त्यांना तेव्हा काहीच म्हणता येत नव्हतं.

त्या रात्री ती आईला म्हणाली, "ही जागा मिळाली नाही, तर मी आयुष्यभर लोकांच्या दाढांच्या तारखा लिहीत बसेन."

"त्याचा पगार महिन्याला येतो," आई म्हणाली. पण सकाळी तिने मुलीचा चांगला कुर्ता इस्त्री करून ठेवला.

परीक्षेला दोनच उमेदवार होते. दुसरा एक गोरटेला तरुण, संगीत महाविद्यालयाचं प्रशस्तिपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेला. तालमीच्या हॉलमध्ये धूळ, गुंडाळलेले पडदे आणि मधोमध पियानो. समोर दिग्दर्शक बाई वही घेऊन बसलेल्या, शेजारी मॅनेजर. सकाळीच पियानोचे सूर लावून झाले होते. ते लावणारे म्हातारे काका हत्यारांची पिशवी आवरत होते. आणि पियानोला टेकून उभे होते नटवर्य. गेली बावीस वर्षं तो तरुण रखवालदार तेच करत होते. त्यांना सगळे नटवर्य म्हणत आणि त्यांचं वय कोणी काढत नसे.

"निरोपाचं गाणं," बाई म्हणाल्या.

तिने आपलं लाल पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली. पहिल्याच सुराला तिने कान टवकारले. सूर खाली होता. बोटं बरोबर पडत होती, गाणं चुकत नव्हतं, पण सगळं दोन पट्ट्या खाली वाजत होतं. हात थांबले नाहीत, कारण या गाण्याला थांबायची त्यांना सवयच नव्हती. नटवर्य गाऊ लागले. शेवटच्या कडव्यात जो उंच सूर आहे, तिथे ते इतक्या सहज गेले आणि इतका वेळ तिथे राहिले, की मॅनेजरांनी दुखरी दाढ विसरून टाळ्या वाजवल्या. नटवर्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते. "किती वर्षांनी," ते पुटपुटले.

इथे गप्प बसली असती तर जागा तिचीच होती. पण गप्प बसेल ती कानसेन कसली.

"गाणं छान झालं," ती म्हणाली, "पण तुमचा पियानो दोन पट्ट्या उतरलाय. कोणाला तरी बोलावून घ्या."

सूर लावणाऱ्या काकांनी पिशवी खाली ठेवली. आपण चाळीस वर्षं हेच काम करतो, वगैरे ते काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पोलादी नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि तिच्या कानाशी धरला. "हा कोणता सूर?"

"पांढरी पाच," ती क्षणात म्हणाली.

"पांढरी सहा. जगात कुठेही जा, हा सहाच." त्यांनी पियानोवरची पांढरी सहा दाबली. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले. "पोरी, तू घरी कशावर वाजवतेस?"

तिने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की मागे एक सरकतं बटण असतं, सगळे सूर वर-खाली करायचं, ते कुठे आहे. तिने तेही सांगितलं. खडखडत होतं, मामाने चिकटवलं. म्हणजे ते दहा वर्षं दोन पट्ट्या वरच अडकलं होतं. काकांनी लाल पुस्तकाची चार पानं उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि हसू लागले. मॅनेजर हसले, प्रशस्तिपत्रकवाला जरा जास्तच हसला. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. फ्रीज, लिफ्ट, काकूंची हाक, छापखाना, सगळ्यांची माफी एकदम मागावीशी वाटली.

काका हसता हसता भोळेपणाने म्हणाले, "म्हणजे आत्ता नटवर्यसुद्धा दोन पट्ट्या खालीच गायले की."

हसणं थांबलं. सगळ्यांनी एकाच वेळी दुसरीकडे कुठेतरी बघितलं. नटवर्यांनी गळ्याभोवतीचा रुमाल नीट केला. तिला वाटलं, मघाचं हसणं परवडलं होतं.

"पुढचा उमेदवार," दिग्दर्शक बाई म्हणाल्या.

प्रशस्तिपत्रकवाल्याने छापील पुस्तक लावलं आणि एकही चूक न करता वाजवलं. नटवर्य उंच सुराच्या पायरीपाशी आले आणि खोकले. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा तिथेच त्यांना पाणी हवं झालं. तिसऱ्या वेळी ते गेले, आणि सूर असा चिरकला, की पडद्यांच्या ढिगाऱ्याआडचा झाडूवालाही झाडायचा थांबला.

"आज घसा बसलाय," नटवर्य म्हणाले. दहा मिनिटांपूर्वी तो उभा होता, हे कोणीच काढलं नाही.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. नटवर्य खिडकीकडे गेले आणि पाठ फिरवूनच म्हणाले, "मुलगा हुशार आहे. हात तयार आहे. पण त्या मुलीच्या वाजवण्यात गाणाऱ्याला श्वास मिळतो."

"मिळतो," बाई लगेच म्हणाल्या. "मलाही तेच जाणवलं."

मॅनेजरांनाही तेच जाणवलं होतं. प्रशस्तिपत्रक पिशवीत परत गेलं. कानसेनला जागा मिळाली, लाल पुस्तकासकट, आणि ती कोणत्या गुणावर मिळाली ते हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तिला सगळ्यात जास्त. आईने शेजारीपाजारी सांगितलं, की माझ्या मुलीच्या वाजवण्यात श्वास आहे. मामाने तर श्रेय स्वतःकडेच घेतलं, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

तालमी सुरू झाल्या. ती वेळेवर यायची, सांगितलेलं वाजवायची आणि कोणाच्याही सुराबद्दल अवाक्षर काढायची नाही. घरात फ्रीज गुणगुणला तरी ती मान वळवायची नाही. शेवटी भावालाच चैन पडेना, त्यानेच एकदा विचारलं, "हा कोणता गं?" ती म्हणाली, "माहीत नाही."

चौथ्या आठवड्यात एका दुपारी तालीम संपली. सगळे चहाला गेले आणि ती पियानोवर कापड घालत होती. नटवर्य मागे थांबले होते. त्यांनी एक खुर्ची उगाच भिंतीला लावली, मग दुसरी.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ते शेवटचं कडवं. अजून दोन पट्ट्या उतरेल का?"

तिने चार आठवडे ऐकलं होतं. उंच सुराच्या आधी त्यांचा श्वास कसा अडखळतो, सूर धरताना हनुवटी कशी थरथरते, सगळं. ज्या माणसासाठी ती खांबामागे बसून रडली होती, तो तिच्यासमोर खुर्च्या सारख्या करत उभा होता.  पण तिने कापडाची घडी नीट केली आणि हिशेबाने उत्तर दिलं.

"एकच उतरवू. दोन उतरवल्या तर समोरच्यांना कळेल."

नटवर्यांनी मान हलवली. दारापर्यंत जाऊन ते वळले.

"एक पुरेल ना गं?"

"या वर्षी पुरेल," ती म्हणाली.