नळीतला काळा ठिपका

दादाला आखातात नोकरी लागली आणि बोरिवलीच्या आमच्या बैठ्या घरामागे पोहण्याचा तलाव आला. समोरच्या सोसायटीतल्या बायका त्याला सरळ हौद म्हणायच्या. दादा बायको-मुलांना घेऊन फक्त मे महिन्यात यायचा. बाकी वर्षभर तो हौद बाबांच्या ताब्यात. बाबा महापालिकेच्या पाणी खात्यातून रिटायर झालेले, पाणी तपासण्यात हयात गेलेली. त्यांना आयतंच खेळणं मिळालं.

दादाने तिकडून स्टॅबिलायझरचा डबा आणि तपासणीची पेटी आणून दिली होती. पाण्यात क्लोरीन घातलं की आमच्याकडचं ऊन ते दुपारपर्यंत खाऊन टाकतं. डब्यातली ही पांढरी पावडर त्याला धरून ठेवते. कमी पडली तर क्लोरीन उडून जातं, जास्त झाली तर ते आळशी होतं, कामच करत नाही. आणि जास्त झाली की उपाय एकच, पाणी काढा आणि नवं भरा.

तपासणी मात्र भारी गमतीची. तलावाचं पाणी आणि पेटीतलं औषध बाटलीत घालून हलवायचं. पावडर असेल तसं ते ताकासारखं गढूळ होतं. मग ते एका उभ्या नळीत हळूहळू ओतायचं. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका असतो, वरून त्याच्याकडे बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि पाणी जिथवर चढलं तिथला आकडा वाचायचा. ठिपका लवकर गेला म्हणजे पावडर जास्त. बाबा त्याआधी बाटली नाकाशी धरून एक मोठा श्वास घ्यायचे. खात्यातली सवय. मग नळीवर वाकायचे आणि जाहीर करायचे, "गेला!" आकडा वाचायचं काम माझं.

आता खरी गोष्ट सांगते. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हे त्यांच्याखेरीज सगळ्या बोरिवलीला ठाऊक होतं. पेपर वाचताना म्हणायचे, "हल्ली हे लोक शाईच कमी वापरतात." एकदा माझी चप्पल घालून स्टेशनपर्यंत जाऊन आले. डॉक्टरचं नाव काढलं की भडकायचे, कारण त्यांच्या एका दोस्ताचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता. आईचा जीव मात्र टांगणीला. मागच्या दारी कठडा नसलेला तो हौद आणि काठावरून ऐटीत फिरणारा हा माणूस!

त्या वर्षी एप्रिलात बाबांनी ठिपका बघितला आणि नळी अर्धीही भरायच्या आत "गेला!" म्हणून मोकळे झाले. आकडा शंभर, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट. "वाट लागली! पाणी काढा," बाबा म्हणाले. ऐन पाणीटंचाईत अर्धा हौद रिकामा करायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पण बाबांपुढे बोलणार कोण? पाइप गटाराकडे सोडला तशा सोसायटीतल्या बायका बादल्या, टब, पिंप घेऊन धावल्या. कोणाची लादी निघाली, कोणाच्या गोधड्या. आम्ही मुकाट्याने टँकर मागवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शंभर! पाणी काढा! तिसऱ्या आठवड्यात तर एक बाई कुंपणावरून आईला विचारत होती, "वहिनी, काका ठिपका कधी बघणार हो? पडदे भिजवायचेत."

आणि मग पाणी हिरवं पडलं. सकाळी घातलेलं क्लोरीन दुपारी गायब. दादा यायला आठवडा उरलेला. मी तणतणत पेटी उघडली आणि स्वतः तपासणी केली. नळी काठोकाठ भरली तरी ठिपका आपला तळाशी बसून माझ्याकडे बघतोय! पाण्यात पावडर नावालाच उरली होती. चांगलं पाणी आम्ही दोनदा गटारात घातलं होतं.

ओरडून उपयोग नव्हता, बाबांनी औषधाला दोष दिला असता. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. संध्याकाळी मी बाटलीत नळाचं साधं, स्वच्छ पाणी भरलं, औषधबिषध काही नाही, आणि बाबांच्या हातात दिली. "बघा ना बाबा, आज किती आहे ते." आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी.

बाबांनी वास घेतला. जरा थांबले. मग नळीवर वाकले. मी थोडंसं पाणी ओतलं, अजून थोडं ओतलं. ते बघतच राहिले, खूप वेळ बघत राहिले.

"गेला," हळूच म्हणाले.

"अहो, नळाचं पाणी आहे ते!" मी टाळ्याच पिटल्या. आई हसत हसत खाली बसली. बाबांनी नळी पुसून पेटीत ठेवली आणि म्हणाले, "उद्या त्या डॉक्टरची वेळ घे."

दादा येईस्तोवर मी बाबांच्या जुन्या मोज्यात मोजून पावडर भरली आणि पंपाचं पाणी पडतं तिथे टांगून ठेवली. तीन-चार दिवसांत ती विरघळली, ठिपका बरोबर जागेवर जायला लागला, पाणी झकास निळं झालं. माझ्या युक्तीची गोष्ट मी मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत प्रत्येक नातेवाइकाला तिखटमीठ लावून सांगितली.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी नर्सलाही तीच रंगवून सांगत होते. बाबा त्या डोळ्यावर पट्टी बांधून, दुसरा मिटून पडले होते, मला वाटलं झोपलेत.

"वासावरूनच कळलं होतं मला, नळाचं आहे ते," पट्टीखालून आवाज आला.

मी त्यांच्याकडे वळले. "मग दिसतोय म्हणायचं ना! मला काय कळलं असतं?"

"दिसत नव्हता ना गं," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं पाण्याचं खोटं रीडिंग कधी दिलं नाही. तुला कसं देऊ?"

मला रडूच फुटलं. बाबांनी चाचपडत माझा हात शोधला आणि नर्सला म्हणाले, "हिचं काही ऐकू नका, सिस्टर. हिला साधं पाणीसुद्धा नीट लपवता येत नाही."