खंडेनवमीनंतरचा कॉम्प्युटर

खोडरबराचा वास आला की मला पिरंगुटच्या कारखान्यातलं ते ऑफिस आठवतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून तिथला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होता. खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली, तेव्हा मीही त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर सुरू केला, तर आतला पंखा फिरत होता, पण पडदा काळाच. “दुपारपर्यंत चालला नाही, तर तुमचं इथं काय काम?” साहेब म्हणाले. मग पौडहून येणारे आमचे वायरमन चाचा आले. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून परत लावला आणि कान दिला. “एक लांब, दोन आखूड शिट्या मारतोय. बगा ताई, तुमच्या बुकात काय लिवलंय.” मी कॉम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तकात पाहून सांगितलं, डिस्प्ले कार्ड, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणारी पट्टी. त्यांनी वीज बंद केली, झाकण उघडलं आणि ते कार्ड उपसलं. त्याच्या कडेच्या सोनेरी दातांवर झाकणाच्या फटींतून आत गेलेलं कुंकू बसलं होतं. माझी मान खाली गेली. त्यांनी माझ्या टेबलावरचा खोडरबर घेऊन एकेक दात घासला, कार्ड परत दाबून बसवलं, वीज सुरू केली, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. साहेबांनी कारण विचारलं. “धूळ व्हती साहेब. पिरंगुटात काय कमी हाय का?” लाल झालेली बोटं त्यांनी फडक्यात गुंडाळली होती. साहेब गेल्यावर हळूच म्हणाले, “फुडच्या साली फूल वाहा ताई, कुंकू नको.” त्या वेळी माझ्याच्यानं साधे आभारही मानवले नाहीत, ते आज इथे मानते.