नॉर्दर्न सोल आणि क्लेमेंटीतली फुगडी

आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही युनिव्हर्सिटीत संशोधन करणाऱ्या एका इंग्रजाला भाड्याने दिली होती. पस्तिशीचा, ताडमाड उंच, आणि आवाज इतका हळू की मीठ मागितलं तरी गुपित सांगतोय असं वाटावं. असा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं, असं मी सगळ्या मैत्रिणींना सांगून मोकळी झाले होते. आणि एका शनिवारी सकाळी, मी नुकत्याच पुसलेल्या हॉलभर या बाबाने पावडर सांडून ठेवली!

सांडली कसली, चांगली शिंपडली होती. अंगाला लावायची टाल्कम पावडर. मी तोंड उघडणार एवढ्यात आमचे हे चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघाले, ते थेट सोफ्यापर्यंत घसरत गेले. चहा सांडला नाही, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव शारीरिक कर्तृत्व. भाडेकरूने टाळ्या वाजवल्या. "अंकल, अगदी असंच!"

"असंच काय? कंबरडं मोडलं असतं त्यांचं!" मी कडाडले. तेव्हा तो बिचारा फडकं घेऊन खाली बसला आणि पुसता पुसता सांगत गेला.

त्याची आई उत्तर इंग्लंडमधल्या गिरणीगावची. तरुणपणी आठवडाभर मशीनपाशी उभी राहायची आणि शनिवार आला की नाचाच्या हॉलमध्ये पहाटेपर्यंत नाचायची. गाणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांची, सोल म्हणतात ती. त्यातही जुनी, तिकडेसुद्धा फारशी न खपलेली. या गिरणीतल्या पोरापोरींना मात्र पळत्या ठेक्याची तीच हवीत. शिकवणारं कुणी नव्हतं. कुणी अमेरिकन गायकांचं बघून गिरकी उचलली, कुणी कराटेची लाथ घातली, आणि चामडी तळाचे बूट सरसर घसरावेत म्हणून जमिनीवर पावडर टाकली. लंडनच्या एका रेकॉर्डच्या दुकानात या उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांनी मागितलेली गाणी वेगळी काढून ठेवायचे, त्यावरून 'नॉर्दर्न सोल' नाव पडलं.

"आणि दारू?" यांनी विचारलं.

"हॉलमध्ये मिळायचीच नाही."

यांचा रस संपला, माझा वाढला.

त्याचे आईवडील त्याच हॉलमध्ये भेटले. वडील गिरकीसाठी प्रसिद्ध. ते गेल्यापासून आई नाचली नव्हती. कुणी नाचाचा विषय काढला तरी उठून जायची. महिन्याभरावर तिचा पासष्टावा वाढदिवस आला होता. जुने सोबती जमणार, तीच गाणी लागणार. "मी बाबांची गिरकी घेतली, तर ती उठेल," तो म्हणाला. "तेव्हा नाही उठली, तर मग कधीच नाही उठणार." पण गिरकी घेतली की याला घेरी यायची. एकदा चपलांच्या रॅकवर आदळला, एकदा फ्रिजवर.

आता, एखाद्या पोराला आईसाठी गोल फिरायचंय आणि फिरता येत नाहीये, हे बघून पुण्याची बाई गप्प बसेल? मंगळागौरीच्या फुगडीत भल्याभल्यांना दमवलेली मी! दर श्रावणात शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट कोस्टला राहणाऱ्या मैत्रिणीच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये आमचे खेळ रंगतात, खालून तक्रार येईपर्यंत. मी ओढणी कमरेला बांधली. "हं, पायाला पाय लाव. हातांची अढी घाल. अंग मागे टाक. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ!"

"अगं, तो भाडेकरू आहे, शेजारची वहिनी नाही," हे ओरडले. "हात सुटला तर खिडकीतून जाईल!"

मग काय, रोज संध्याकाळी आमची फुगडी. हळूहळू त्याची घेरी गेली. पठ्ठ्या असा गरगर फिरायला लागला की मलाच धाप लागायची. मला कोण अभिमान! निघायच्या आदल्या दिवशी म्हटलं, "आता एकट्याने दाखव."

तो गिरकी घ्यायला गेला आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. धरायला कुणी नाही म्हटल्यावर सरळ सोफ्यात. पुन्हा केलं, पुन्हा हात पुढे. तेव्हा त्याने सांगितलं, की या नाचात कुणी कुणाचा हात धरत नाही. ज्याचा तो नाचतो.

"अरे मेल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आंटी, तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

घ्या! एवढं शिकवून मी त्याला पार बिघडवून ठेवलं होतं. आता त्या सगळ्या मुरलेल्या नाचऱ्यांसमोर पोराचं हसं होणार, आणि ती माउली खुर्चीतून उठायची नाही ती नाहीच. तो गेल्यावर माझं कशात लक्ष लागेना. हे मात्र खुशाल पेपर वाचत होते.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर त्याची आई. पांढरे केस, बारीक चण, डोळे सुजलेले.

"तुम्ही याला हे काय शिकवलंत?" तिने विचारलं.

मी माफी मागायला लागले, तर तिने हातानेच थांबवलं. पोरगा गिरकी घ्यायला गेला आणि हात पुढे करून भेलकांडला. पडतोय असं वाटून ही खुर्चीतून धावली आणि तिने ते हात पकडले. मग त्याने हातांची अढी घातली, पायाला पाय लावला आणि आईला फिरवलं. गाणं संपलं तरी दोघं फिरतच होती म्हणे.

"याचे बाबा आणि मी जन्मभर शेजारी शेजारी नाचलो," ती म्हणाली. "नाचताना त्यांनी माझा हात कधी धरला नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. धरायला हवा होता, हे मला काल कळलं."

मी ओढणीने डोळे पुसले आणि म्हटलं, "बसून घालायची पण एक फुगडी असते. शिकवू का?"